अडीच लाख चाललेल्या गाडीची टायमिंग चेन: बदलायची की राहू द्यायची?

धुळ्याहून सुरतेला लग्नाला निघायचं होतं. डिसेंबरची पहाट, साडेपाच वाजलेले. सेल्फ मारला आणि बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट आला. तीन-चार सेकंद. मग एकदम शांत. मी तसाच निघालो, कोंडाईबारी घाट उतरलो, नवापूरला चहा घेतला, पुन्हा सेल्फ मारला. आवाज नाही. गाडी जुनी डिझेल हॅचबॅक, मीटर २ लाख ३६ हजारांवर.

परत आल्यावर चौघांना विचारलं. दोघं म्हणाले, दोन लाखाला चेन बदलावीच लागते. तिसरा म्हणाला, चेन लाइफटाइम असते, उगाच इंजिन खोलू नको. चौथ्याने आवाज न ऐकताच खर्च सांगितला. पाचवे आमचे मिस्तरी, ज्यांना सगळे आबा म्हणतात. मी मीटरचा आकडा सांगायला लागलो तसे ते म्हणाले, "मीटर काय सांगस ते ऱ्हाऊ दे भो. ऑइलनं बिल दखाड."

त्यांनी पुढचे दोन दिवस जे करून घेतलं, त्याच क्रमाने खाली लिहितो. गाडीचं फारसं कळत नसलं तरी यातलं निम्मं घरच्या अंगणात करता येतं.

आधी चेन आहे का ते पाहा

हसू नका, इथेच पुष्कळ जण चुकतात. पुढून दिसणारा, अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा पट्टा म्हणजे फॅनबेल्ट. टायमिंगचा मामला कव्हरच्या आत असतो आणि तिथे तीनपैकी एक काहीतरी असतं. बहुतेक ट्रॅक्टरांना टायमिंग गिअर असतात, म्हणून शेतकरी माणसाला ही कटकट ठाऊक नसते. जुन्या मारुती ८०० आणि ओम्नीला दात्यांचा रबरी पट्टा होता, जुन्या अडीच लिटर डिझेल इनोव्हालाही पट्टाच. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांना चेन. स्विफ्ट-डिझायरमध्ये बरीच वर्षं जे १२४८ सीसीचं डिझेल इंजिन यायचं (मूळचं फियाटचं, टाटाच्या व्हिस्टा-मांझातही तेच) त्यालाही चेन.

ओळखायची सोपी खूण: पट्टा बहुतेक गाड्यांत कोरडा चालतो, त्याचं कव्हर बहुधा प्लास्टिकचं असतं. चेन ऑइलात चालते, म्हणून तिचं कव्हर धातूचं आणि कडेने पेस्ट लावून बंद केलेलं असतं. तरी खात्री मॅन्युअलमधूनच करा. पट्टा निघाला तर पुढचं वाचायची गरज नाही. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी भरेल तेव्हा बदलून मोकळे व्हा. पट्टा आवाज करून आगाऊ सांगेलच असं नाही. चेन बहुतेक वेळा सांगते, म्हणूनच तिच्याबाबतीत विचार करायला जागा असते.

चेन लांब होते म्हणजे काय होतं

क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) दोनदा फिरला की कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा दांडा) एकदा फिरला पाहिजे, आणि तोही नेमक्या जागी. पिस्टन वर येईल तेव्हा व्हॉल्व्ह बाजूला झालेले असले पाहिजेत. हा ताल चेन सांभाळते. आजच्या बहुतेक डिझेल आणि पुष्कळ पेट्रोल इंजिनांत जागा इतकी कमी असते की ताल तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उतरवावा लागतो, आणि बिलाला एक शून्य वाढतं.

"चेन ताणली" असं आपण म्हणतो, पण पोलाद रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची नळी झिजते. एक हिशेब करून बघा. धरा, चेनला १४० कड्या आहेत आणि प्रत्येक सांध्यात ०.०३ मिलिमीटर झीज झाली. केसापेक्षाही बारीक. तरी एकूण ४.२ मिलिमीटर लांबी वाढली. कॅमचं स्प्रॉकेट (चेन बसते ते दातेरी चाक) ४० दात्यांचं असेल तर सैल चेनचा एक दाता सुटला की कॅम ९ अंशांनी मागे पडतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबात १८ अंश. एवढ्यावर गाडी एक तर सुरूच होत नाही, नाहीतर काळा धूर टाकत मेल्यासारखी चालते.

वाढलेली ही ढील टेन्शनर भरून काढतो. तो ऑइलच्या प्रेशरवर बाहेर सरकतो आणि चेनला टेकून असलेल्या गाईड पट्टीला दाबून चेन घट्ट ठेवतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल थोडं खाली उतरतं. सकाळी प्रेशर तयार होईपर्यंत सैल चेन कव्हरला नाहीतर गाईडला आपटते. माझा डब्यातल्या खिळ्यांचा आवाज हाच.

पहिलं काम: ऑइलचा इतिहास

गाडीची फाइल काढा. ऑइल किती किलोमीटरला बदललं, कोणत्या ग्रेडचं टाकलं, फिल्टर प्रत्येक वेळी बदलला का. डिझेल इंजिनाचं ऑइल काजळीने काळं होतं, आणि ती काजळी पिनांवर पॉलिश पेपरसारखी घासते. दहा हजारांचं ऑइल वीस हजारांपर्यंत ओढलेली, एक लाख चाललेली गाडी, वेळेवर ऑइल मिळालेल्या अडीच लाखांच्या गाडीपेक्षा आतून म्हातारी असू शकते.

आपल्याकडे अजून एक गोष्ट मीटरवर येतच नाही: उभ्या गाडीचं चालणं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो तेव्हा एसी लावून माणूस बाजारात गाडी चालू ठेवतो. रावेर-सावद्याकडे केळीचा माल भरेपर्यंत गाड्या स्लोवर घरघरत असतात. स्लोवर मिनिटाला ८०० फेरे धरले तर तासाला ४८ हजार फेरे होतात. हायवेला ताशी ६० ने, २,००० फेऱ्यांवर चालताना तासाला १ लाख २० हजार. म्हणजे एक तास उभी चालू ठेवली की चेनच्या हिशेबात साधारण २४ किलोमीटर झाले, मीटर मात्र जागचं हललेलं नाही. त्यात स्लोवर गरम ऑइलचं प्रेशरही कमी. टॅक्सी म्हणून किंवा एखाद्या कंपनीच्या दारात उभी राहिलेली गाडी सेकंडहँड घेताना हे डोक्यात ठेवा.

आता डिपस्टिक काढा. लहान इंजिनात ऑइल जेमतेम तीन-साडेतीन लिटर मावतं. त्यातलं लिटरभर जळून गेलं असेल तर तिसरा हिस्साच गायब, आणि टेन्शनर उपाशी. ऑइल कमी असेल तर पुरं करा, जुनं असेल तर योग्य ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर टाका, मगच आवाजाचा निकाल लावा. हलक्या फिल्टरमध्ये ऑइल मागे जाऊ न देणारी झडप नीट बसत नाही, आणि तेवढ्यानेही सकाळचा खडखडाट येतो. हजार-दीड हजार रुपयांत सुटलेला आवाज मी पाहिलाय.

दुसरं काम: सकाळी ऐकणं

गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी करा. सकाळी बॉनेट उघडून तुम्ही समोर उभे राहा, सेल्फ दुसऱ्याला मारायला सांगा. आत बसून ऐकलेलं कामाचं नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करा, कारण मिस्तरीकडे जाईपर्यंत इंजिन गरम होतं आणि आवाज पळून जातो. नंतर तो म्हणतो, "काहीच तर नाही," आणि तुम्ही खोटे पडता.

ही परीक्षा हिवाळ्यात चांगली होते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली येतो, ऑइल घट्ट असतं, वर पोचायला वेळ लागतो. मे महिन्यात पहाटेही हवा तापलेली, तेव्हा सकाळचा आवाज फसवतो. उन्हाळ्यात उलटी परीक्षा घ्या: तासभर हायवेला चालवून, इंजिन पुरतं तापल्यावर, स्लोवर ऐका. पातळ झालेलं ऑइल आणि कमी प्रेशर, अशात खडखड आली तर ती सकाळच्या दोन सेकंदांच्या आवाजापेक्षा जास्त काळजीची.

माझा अंदाज असा बसलाय. सेकंद-दोन सेकंद आवाज आणि मग शांत, तोही कधीमधी: ऑइल-फिल्टर बघा, महिनाभर लक्ष ठेवा. रोज सकाळी तीन-चार सेकंद आणि महिन्यागणिक वाढतोय: पुढच्या तपासण्या आता करा. सतत खडखड, किंवा ॲक्सिलेटर सोडताना खरखर: गाडी उभी करा, लांबचा प्रवास नको.

आवाज चेनचाच आहे का

डिझेलमध्ये आवाज करणाऱ्यांची कमी नाही. फॅनबेल्ट चिरचिरतो, त्यावर थोडं पाणी शिंपडलं की आवाज बदलतो. अल्टरनेटरची पुली किंवा एखादं बेअरिंग गेलं असेल तर फॅनबेल्ट उतरवून काही सेकंदच इंजिन चालवलं की कळतं. काही सेकंदच म्हणतोय, कारण बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असतो. टॅपेटची टिकटिक वरून येते, इंजेक्टरची ठकठक कडक आणि ठेक्यात असते. चेनचा आवाज टायमिंग कव्हरच्या बाजूने येतो आणि त्याला ताल नसतो.

आबांकडे स्टेथोस्कोप नाही. हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर आहे, लाकडी मुठीचा, मूठ कानाच्या घामाने काळी झालेली. टोक टायमिंग कव्हरवर टेकवलं आणि मला म्हणाले, "आठे कान लाव." आधी कव्हरच्या खालच्या बाजूला नुसती घरघर ऐकू आली. मग टेन्शनर असतो त्या उंचीला टोक नेलं, तर आत कुणीतरी बोटाने पत्रा वाजवतंय असं स्पष्ट. हे करताना सैल बाही, गळ्यातला रुमाल काढून ठेवा, पट्टे फिरत असतात.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचून घ्या. पी-००१६ किंवा पी-००१७ म्हणजे क्रँक आणि कॅमची जागा एकमेकांशी जुळत नाही. चेन लांबली की हे येतं. पण कॅम सेन्सर, त्याची वायर, ऑइल कमी असणं, किंवा व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेत कचरा अडकणं, यानेही हेच कोड येऊ शकतात. नुसत्या कोडवर चेन बदलू नका. आणि कोड नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका, माझ्या गाडीत एकही कोड नव्हता. आवाज आणि कोड दोन्ही असतील तर मात्र टाळाटाळीला जागा राहिली नाही.

डोळ्यांनी पाहणं

चेनचं कव्हर न खोलता तीन गोष्टी पाहता येतात. ऑइल काढताना ते एका स्वच्छ पसरट भांड्यात घ्या आणि उन्हात धरा. चमचमणारी कणी दिसली तर चुंबक फिरवा: चिकटली तर पोलाद, नाही चिकटली तर ॲल्युमिनियम, म्हणजे चेन कदाचित कव्हर खातेय. जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा. काळपट किंवा तपकिरी प्लास्टिकचे तुकडे निघाले तर गाईड पट्टी तुटायला लागलीय. हे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकले तर साऱ्या इंजिनाचं ऑइल बंद होतं, त्यामुळे प्लास्टिक दिसलं की माझ्या मते चर्चा संपली.

दुसरं, काही इंजिनांत ऑइल भरायच्या झाकणातून किंवा वरचं कव्हर काढून चेनचा थोडा भाग दिसतो. तिसरं आणि सगळ्यात पक्कं म्हणजे टेन्शनर. पुष्कळ इंजिनांत तो बाहेरून काढता येतो किंवा त्याला तपासायचं भोक असतं. त्याचा दांडा किती बाहेर आलाय ते मोजायचं आणि त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडायचं. हे काम जाणकाराचं. टेन्शनर काढलेला असताना इंजिन हलता कामा नये, आणि एरवीही हाताने फिरवायचं तर ते ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने. उलटं फिरवलं की ढील चुकीच्या बाजूला जाते आणि दाता सुटू शकतो.

माझ्या गाडीचा दांडा जवळजवळ शेवटपर्यंत बाहेर आला होता. म्हणजे टेन्शनर त्याच्या परीने जीव तोडून काम करत होता, पुढे सरकायला जागाच उरली नव्हती.

आता पैशाचा हिशेब

तीन आकडे कागदावर लिहा. एक, पूर्ण किट आणि मजुरी. दोन, चेन सुटली तर हेड, व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि शिवाय हेच किट. तीन, आज गाडी विकली तर काय येईल. धरा, गाडीचे २ लाख येतात आणि पहिला आकडा २० हजार आहे. दहा टक्के. आवाज पक्का असेल तर मी डोळे मिटून करतो. तोच आकडा गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शावर गेला तर बाकीचं बघायला लागतं: क्लच, इंजेक्टर, टर्बो, खालचा गंज. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. गाडी चौदाव्या वर्षात असेल तर ते आधी करणार आहात का, हे ठरवा. चेनवर खर्च करून वर्षभरात गाडी काढून टाकणारे मी पाहिलेत.

आवाज नाही, कोड नाही, ऑइल स्वच्छ, टेन्शनर मर्यादेत, तर फक्त मीटर पाहून चेन बदलू नका. माझ्या साडूची पेट्रोल गाडी २ लाख ४० हजार चाललीय, अमळनेर-जळगाव रोजची. ऑइल वेळेवर. त्यालाही सगळ्यांनी "बदलून टाक" म्हणून घाबरवलं होतं. कव्हर उघडायचं तर बऱ्याच गाड्यांत इंजिनाचं एक माउंटिंग सोडावं लागतं, खालचं ऑइलचं चेंबर उतरवावं लागतं, सगळं पुन्हा पेस्ट लावून बंद करावं लागतं. चांगल्या इंजिनात एवढा हात घालून ऑइलची गळती विकत घेण्यात अर्थ नाही. त्याने काही केलं नाही, गाडी शांत आहे.

निर्णय व्हायला वेळ लागणार असेल तर मधल्या काळात काही पथ्यं. धक्का स्टार्ट करू नका, त्या झटक्याने सैल चेन दाता सोडू शकते. चढावर गाडी नुसत्या गिअरवर उभी करू नका, मागे सरकली तर इंजिन उलटं फिरतं. हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा. लोड भरून कन्नडचा घाट तर नकोच. आणि चालता चालता मोठा खडाका होऊन इंजिन बंद पडलं, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. एखादाच व्हॉल्व्ह वाकला असेल तर उरलेले तुम्हीच वाकवाल. टो करून आणा.

बदलायचं ठरलं तर

"नुसती चेन टाकू, टेन्शनर चांगला दिसतोय" असं सांगणारं गॅरेज सोडा. एकदा दुसऱ्या एका गाडीत मी हे ऐकलं आणि आठ महिन्यांत तेच काम, तीच मजुरी पुन्हा दिली. चेन, टेन्शनर, सगळ्या गाईड पट्ट्या, क्रँक आणि कॅमचं स्प्रॉकेट, पुढचं ऑइल सील, कव्हरचं गॅस्केट किंवा पेस्ट, नवं ऑइल आणि फिल्टर. जुन्या स्प्रॉकेटचे दाते झिजलेले असतात, ते नवी चेन लवकर खातात. क्रँक पुलीचा बोल्ट कंपनीने नवा टाकायला सांगितला असेल तर नवाच. पाण्याचा पंप त्याच भागात असेल तर तोही आताच, मजुरी एकच लागते. चेंबर उतरलंच आहे तर ऑइल पंपाची जाळी धुऊन घ्या.

किट डीलरच्या काउंटरवरून किंवा ओळखीच्या दुकानातून, बिलासकट. या मालात डुप्लिकेट पुष्कळ येतो, खोकी हुबेहूब असतात.

मिस्तरीला एक प्रश्न विचारा: या इंजिनाच्या लॉकिंग पिना तुमच्याकडे आहेत का? क्रँक आणि कॅम जागेवर अडकवणारी ती हत्यारं इंजिनागणिक वेगळी असतात. "खुणा करून बसवतो" असं उत्तर आलं तर मी गाडी तिथे सोडत नाही, कारण झिजलेल्या चेनवर केलेली खूण मुळातच सरकलेली असते. चेन बसल्यावर नव्या टेन्शनरची अडकवलेली पिन काढली का, हे समोर उभं राहून बघा. मग सेल्फ मारण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि लॉकिंग पिना पुन्हा सहज आत जातात का ते पाहायचं. आबांनी हे दोनदा केलं. दुसऱ्यांदा कशाला, विचारलं तर नुसते हसले.

पहिल्या सेल्फला टेन्शनर भरेपर्यंत थोडा खडखडाट येईल, घाबरू नका. काही सेकंदांत थांबला नाही तर मात्र लगेच बंद करा. जुने भाग पिशवीत मागून घ्या. माझ्या पिशवीत एक गाईड पट्टी निघाली, मधोमध तडकलेली, तिच्या वरच्या टोकाचा नखाएवढा तुकडा गायब. तो चेंबरच्या तळाशी काळ्या गाळात सापडला.

काम झाल्यावर हजारभर किलोमीटरला मी ऑइल पुन्हा बदललं. मॅन्युअल तसं सांगत नाही, पण कव्हर उघडलं तेव्हा आत काय काय पडलं असेल, या शंकेपोटी. किती किलोमीटरला चेन बदलली ते बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलंय, खाली पुढच्या ऑइलची तारीख.